कडेला गवत, आत फुलं

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला परदेशात नागरिक म्हणून जगण्यावर बोलायला सांगितलं. विषय मोठा आहे. मी त्यातला एक लहान तुकडा उचलणार आहे. तो म्हणजे घरापुढचं गवत. हसू आलं तर हसा, पण अर्धा तास माझ्याबरोबर राहा.

आपल्याकडे 'लॉन' म्हटलं की लग्न आठवतं. अमुक लॉन्स, तमुक लॉन्स, हजार माणसांची सोय आणि प्रशस्त पार्किंग. अमेरिकेच्या उपनगरात लॉन म्हणजे प्रत्येक घरापुढची, एकाच उंचीला कापलेली हिरवी चादर. तिच्यावर सहसा कुणी बसत नाही. मुलं खेळतात ती मागच्या अंगणात. पुढचं गवत शेजाऱ्यांनी बघायचं असतं. ते वाढलं, पिवळं पडलं किंवा त्यात पिवळी रानफुलं उगवली, तर अख्खी गल्ली घरातल्या माणसांबद्दल मत बनवते.

मी मेरीलँड राज्यात, वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर या शहरांच्या मधल्या पट्ट्यात राहते. 2021 च्या शरद ऋतूत आम्ही पुढचं गवत काढायला घेतलं आणि तिथं फुलझाडं लावली. 2023 च्या जून महिन्यात त्यावरून नोटीस आली. ती का आली, आम्ही काय केलं आणि त्यातून इथं बसलेल्या तुमच्या हाती काय लागेल, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी हे गवत आलं कुठून ते पाहू. मोकळ्या हिरवळीची ही चाल इंग्लंडच्या बड्या जमीनदारांची. काही पिकवायची गरज नाही एवढी जमीन माझ्याकडे आहे, हे दाखवायची ती रीत होती. गवत मेंढ्या खायच्या, नाहीतर मजूर लांब दांड्याच्या विळ्यांनी कापायचे. 1830 साली एडविन बडिंग या इंग्रज कारागिरानं गवत कापायचं यंत्र बनवलं आणि मजुरांची फौज नसलेल्यालाही हिरवळ राखणं जमू लागलं. 1870 साली अमेरिकेत फ्रँक स्कॉट यांचं उपनगरातल्या घरांच्या बागांवरचं पुस्तक आलं. पुढच्या अंगणाला कुंपण घालू नका, सगळ्यांची हिरवळ एकमेकींत मिसळू द्या, असा त्यांचा आग्रह होता. ऐकायला हे शेजारधर्मासारखं वाटतं, आणि काही अंशी ते तसं आहेही. पण कुंपण गेलं की माझं अंगण गल्लीच्या मालकीचं होतं. ते कसं दिसावं यावर प्रत्येकाचा हक्क तयार होतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा हक्क करारात लिहिला गेला. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर 1947 पासून लेव्हिटटाउन नावाची प्रचंड वसाहत उभी राहिली. काही वर्षांत 17 हजारांहून जास्त घरं झाली, सगळी जवळपास एकाच साच्यातली. आठवड्यातून एकदा गवत कापलंच पाहिजे, असा तिथं नियम होता. आणि त्याच वसाहतीच्या करारात आणखी एक कलम होतं: गोऱ्या वंशाखेरीज इतर कुणालाही या घरात राहू देऊ नये, घरकामाचे नोकर तेवढे अपवाद. अशी कलमं कोर्टाला अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1948 साली दिला. तरी पुढे कित्येक वर्षं तिथली घरं काळ्या कुटुंबांना विकली गेली नाहीत.

मला असं म्हणायचं नाही की गवत कापणारा प्रत्येक माणूस वंशवादी आहे. आमच्या गल्लीत काळ्या, कोरियन, एल साल्वाडोरच्या, केरळच्या सगळ्या कुटुंबांची गवतं उत्तम कापलेली असतात. किंबहुना बाहेरून आलेल्यांची जास्तच. कारण तुम्हाला कळलं असेल. जो नवा असतो तो नियम सगळ्यात काटेकोर पाळतो. आपल्यावर बोट उठू नये, ही त्याची पहिली काळजी असते.

आमच्या घरातही तेच झालं. गवत काढायचं ठरलं तेव्हा माझे मिस्टर म्हणाले, "नावानं आपण आधीच वेगळे आहोत. अंगणानं आणखी वेगळं कशाला व्हायचं?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पत्रपेटीवर आमचं आडनाव आहे. मी ओढणी घेते. गल्लीत आमचं घर कुणालाही सांगता येतं. अशा घरानं पुढचं गवत उपटणं म्हणजे नजर ओढवून घेणं.

मग आम्ही ते का केलं? पहिलं कारण पाणी. अमेरिकन घरात वापरल्या जाणाऱ्या पाण्यापैकी सरासरी 30 टक्के घराबाहेर जातं, आणि त्यातला मोठा हिस्सा बागेला आणि गवताला. 2005 साली क्रिस्टिना मिलेसी या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या मदतीनं अंदाज बांधला, की अमेरिकेत लॉनखाली सुमारे 1 लाख 60 हजार चौरस किलोमीटर जमीन आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. आणि ते कापून कुणाच्या ताटात काही पडत नाही. अम्मी दापोलीहून पहिल्यांदा आली तेव्हा तिनं दारात उभं राहून विचारलं होतं, "एवढं गवत, आणि गुरं कुठायत?"

दुसरं कारण खाडी. मी कोकणातली, खेकडे आणि कालवांवर वाढलेली. मेरीलँडलाही चेसापीक नावाची मोठी खाडी आहे, तीही खेकड्यांसाठी आणि कालवांसाठी प्रसिद्ध. पावसाबरोबर शेतांतलं, रस्त्यांवरचं आणि लॉनवरचं खत वाहत तिथं जातं. त्या खतावर पाण्यात शेवाळ माजतं, ते मेलं आणि कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि मासे-खेकडे गुदमरतात. म्हणूनच मेरीलँडनं 2011 साली कायदा करून घरच्या लॉनला खत किती आणि कधी घालायचं यावर बंधनं आणली. माझ्या दारातलं खत खाडीत जातं हे एकदा कळल्यावर ते विसरता येत नाही.

तिसरं कारण फुलपाखरं. मोनार्क नावाच्या नारिंगी-काळ्या फुलपाखराची अळी फक्त मिल्कवीड या झाडाची पानं खाते. मिल्कवीड हे आपल्या रुईच्या कुळातलं झाड, तोडलं की तसाच पांढरा चीक येतो. तुमच्यापैकी कुणी लहानपणी रुईवरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या पाहिल्या असतील, तर त्यातून निघणारं फुलपाखरू हे मोनार्कचंच चुलत भावंड. गवताच्या चादरीत मिल्कवीडला 'तण' म्हणतात. ते तण काढलं की फुलपाखरू गेलं.

आता कायद्याबद्दल. आम्ही राहतो तिथं घरमालकांची असोसिएशन आहे, आपल्या सोसायटीसारखी. ती वर्गणी घेते, नियम करते, दंड लावते. दंड थकला तर कायदेशीर मार्गानं घरावर बोजा चढवू शकते. म्हणजे फुलांवरून घर अडचणीत येऊ शकतं. आमच्या आधी मेरीलँडमध्येच एका जोडप्याला त्यांच्या असोसिएशननं फुलांची बाग काढून पुन्हा गवत लावायला सांगितलं होतं. त्यांनी वकील केला, तीन वर्षं भांडण चाललं, शेवटी तडजोड झाली आणि बाग राहिली. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे झाली. राज्याच्या विधिमंडळानं कायदा केला आणि तो 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू झाला. पाणी वाचवणाऱ्या, परागकण वाहणाऱ्या कीटकांना आसरा देणाऱ्या, पावसाचं पाणी जिरवणाऱ्या बागांवर असोसिएशनला गैरवाजवी बंधनं घालता येणार नाहीत, आणि गवतच लावा अशी सक्तीही करता येणार नाही. अट एकच: मालकानं त्या बागेची नियमित निगा राखली पाहिजे.

आम्ही त्याच महिन्यात सुरुवात केली. गवत खणून काढायची गरज नसते. खोक्यांचे पुठ्ठे गोळा केले, चिकटपट्ट्या काढल्या, गवतावर अंथरून पाण्यानं भिजवले आणि वर लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर टाकला. हिवाळाभर गवत अंधारात मरतं, पुठ्ठा कुजतो, गांडुळं येतात. वसंतात त्यातच भोकं पाडून रोपं लावली: मिल्कवीड, जांभळं कोनफ्लॉवर, ॲस्टर, गोल्डनरॉड, आणि मेरीलँडचं राज्यफूल ब्लॅक-आइड सुझन. सगळी तिथल्याच मातीतली.

अशा बागेबद्दल तिथले बागवाले म्हणतात, झाडं पहिल्या वर्षी झोपतात, दुसऱ्या वर्षी रांगतात आणि तिसऱ्या वर्षी उडी मारतात. आमची बाग रांगत होती तेव्हा नोटीस आली. आपलं पुढचं अंगण वसाहतीच्या शोभेला बाधक आहे, पंधरा दिवसांत हिरवळ पूर्ववत करावी, अन्यथा दंड.

तक्रार कुणी केली ते असोसिएशन सांगत नाही. त्या रात्री घरात एकच चर्चा. बाग खरंच वाईट दिसते म्हणून तक्रार झाली, की बाग आमची आहे म्हणून? मला आजही माहीत नाही. आणि मित्रमैत्रिणींनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ही अवस्था ओळखीची असेल. घर भाड्यानं मिळालं नाही, मुलाखतीत नाव ऐकून समोरचा थबकला. कारण तेच होतं की दुसरं काही? बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. उत्तराची वाट बघत बसलो तर मन कडू होतं आणि काम राहून जातं. आम्ही ठरवलं, उत्तर मिळणार नाही असं धरून चालायचं आणि जे हातात आहे ते करायचं.

हातात तीन गोष्टी होत्या.

पहिली, कागद. मी एका पानाचं उत्तर लिहिलं. कायद्याचा क्रमांक, लागू झाल्याची तारीख, झाडांची नावं, निगेचं वेळापत्रक आणि चार फोटो. आवाज चढवला नाही, वकिलाची धमकी दिली नाही. असोसिएशनच्या मासिक बैठकीला गेले. समितीवरचे पाचही जण आपापली नोकरी सांभाळून बिनपगारी काम करणारे. दोन वर्षांपूर्वीचा कायदा त्यांच्यातल्या कुणी वाचलेला नव्हता. त्यांनी तो तिथंच फोनवर वाचला.

दुसरी, शेजारी. बैठकीच्या आधीच्या आठवड्यात मी आजूबाजूच्या सात घरांची दारं वाजवली. तक्रारदार शोधायला गेले नव्हते. बागेबद्दल काही अडचण असेल तर मला सांगा, एवढंच विचारलं. एकीला गोचिडांची भीती होती, आणि ती रास्त होती, कारण तिथल्या गोचिडांमुळे लाइम नावाचा आजार होतो. डावीकडच्या घरातले निवृत्त गृहस्थ म्हणाले, "तुमच्या त्या पिवळ्या फुलांनी मला सप्टेंबरात शिंका येतात."

ती पिवळी फुलं म्हणजे गोल्डनरॉड. आपल्याकडे पुष्पगुच्छात भर म्हणून घालतात तसे पिवळे तुरे. अमेरिकेत फार लोकांना असंच वाटतं. खरं तर त्याचे परागकण जड आणि चिकट असतात. ते माश्यांच्या अंगाला लागून जातात, वाऱ्यावर उडत नाहीत. शिंका येतात त्या रॅगवीडमुळे. ते झाड त्याच दिवसांत फुलतं, पण त्याची फुलं हिरवी आणि बारीक, कुणाच्या लक्षात न येणारी. परागकण त्याचे उडतात आणि नाव डोळ्यांत भरणाऱ्या पिवळ्याचं होतं. मी त्यांना दोन्ही झाडांचे फोटो दाखवले. ते म्हणाले, "असेल." एवढंच. त्यांना पटलं की नाही माहीत नाही. पण त्या दिवशी आम्ही वीस मिनिटं बोललो, आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून तेवढं बोललो नव्हतो.

तिसरी, कड. याबद्दल जरा थांबून बोलते, कारण माझ्या बोलण्याचा गाभा हाच आहे.

जोन नासॉर या अमेरिकेतल्या उद्यान-रचनाकार. 1995 साली त्यांनी एक निबंध लिहिला. त्यांचं निरीक्षण असं, की निसर्गाला पोषक जागा लोकांना बहुधा अस्ताव्यस्त दिसते आणि लोक अस्ताव्यस्तपणाचा अर्थ 'मालकाला फिकीर नाही' असा लावतात. त्यावर उपाय म्हणजे त्या जागेला काळजीच्या खुणा द्यायच्या. कापलेली कड, नीट पायवाट, एखादा बाक, ओळीत लावलेली फुलं. आतलं रान तसंच ठेवा, पण त्याला चौकट द्या. चौकट दिसली की बघणाऱ्याला कळतं, ही कुणीतरी जाणूनबुजून, मायेनं केलेली गोष्ट आहे.

आम्ही तेच केलं. पदपथाच्या बाजूनं दोन फुटांची गवताची पट्टी पुन्हा लावली आणि ती दर शनिवारी कापू लागलो. त्यामुळे पदपथावरून जाणाऱ्याच्या अंगाला झाडं घासत नाहीत, गोचिडांची भीतीही कमी. विटांची कड घातली. गाडी बाहेर काढताना रस्ता दिसावा म्हणून कोपऱ्यात बुटकी झाडं हलवली. ही मागणी समितीची होती आणि ती वाजवी होती. एक लहान पाटी लावली: 'ही बाग फुलपाखरांसाठी आणि मधमाश्यांसाठी आहे.' जुलैत नोटीस मागे घेतल्याचं पत्र आलं.

आता तुमच्यातल्या कुणाच्या तरी मनात प्रश्न आला असेल, आणि आलाच पाहिजे. कायदा तुमच्या बाजूनं होता, मग ही कड कापायची, दारं वाजवायची हौस कशाला? इतर कुणाला नसते ती सफाई आम्हीच का द्यायची? माझ्या धाकट्या चुलतभावानं फोनवर नेमकं हेच विचारलं. "आपा, हे झुकणं नाही का?"

मी त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. मी कडेचं दोन फूट गवत दिलं. आतली फुलं दिली नाहीत. मिल्कवीड काढा म्हटलं असतं तर मी कोर्टात गेले असते. शेजाऱ्याला अडचण होऊ नये, त्याला आपली काळजी दिसावी, यासाठी देण्यासारखं काय आणि कुणीही मागितलं तरी न देण्यासारखं काय, हे आधी आपल्या मनात स्वच्छ हवं. ज्याचं हे स्वच्छ नसतं तो एकतर सगळंच देऊन बसतो, नाहीतर दोन फूट गवतासाठी जन्माचं वैर घेतो. आपल्या समाजानं दोन्ही प्रकार पुरेसे पाहिलेत.

आणि दुसरं. तिथं ज्यांनी हे सगळ्यांच्या आधी केलं, त्यांना कायद्याचा आधार नव्हता. विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी शहराजवळ लॉरी ऑटो नावाच्या बाई होत्या. त्यांच्या अंगणातली रानझाडं गावच्या कारभाऱ्यांनी तण समजून कापून टाकली. त्या गप्प बसल्या नाहीत. कारभाऱ्यांशी भांडल्या, आणि पुढे डीडीटी या कीटकनाशकाविरुद्धच्या लढ्यातही आघाडीवर राहिल्या. 1979 साली सुरू झालेली 'वाइल्ड वन्स' ही संस्था त्यांच्या प्रेरणेतून उभी राहिली, ती आजही देशी झाडं लावायला शिकवते. त्या गोऱ्या होत्या, तिथंच जन्मलेल्या होत्या, तरी त्यांना भांडावं लागलं. म्हणजे वेगळं अंगण ठेवणाऱ्याला त्रास होतो तो नेहमी नावामुळेच होतो असं नाही. आणि एकानं भांडून मिळवलेली सूट पुढे सगळ्यांची होते. तीन वर्षं भांडलेलं ते जोडपं मला कधी भेटलेलं नाही. त्यांच्या भांडणामुळे माझ्या घरावर बोजा चढला नाही.

सगळं गोड झालं असं समजू नका. समोरच्या घरातले आजही आमच्याशी बोलत नाहीत. हरणं येतात आणि ॲस्टरचे शेंडे खाऊन जातात. हिवाळ्यात आम्ही वाळलेले देठ तसेच ठेवतो, कारण पोकळ देठांत रानमाश्यांची पिल्लं असतात. तेव्हा बाग भकास दिसते आणि दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, "हे कधी काढणार?" दरवर्षी तेच उत्तर द्यावं लागतं. पण एका शेजारणीनं मिल्कवीडची सहा रोपं नेलीत. डावीकडचे गृहस्थ, ज्यांना शिंका येतात, ते आम्ही इथं आलो असताना आमची दोन फुटांची पट्टी कापतायत. मी सांगितलं नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनीच विचारलं, "किती दिवस नाही आहात?"

इथं तुमच्यापुढे अमेरिकन लॉन नाही. पण पुण्या-मुंबईच्या, नाशिक-औरंगाबादच्या सोसायट्यांमध्ये लॉन आलेलं आहे, आणि मे महिन्यात काही ठिकाणी पिण्याच्या पाण्याचा टँकर मागवून गवताला पाणी घालतात. ज्यांच्या सोसायटीत असेल त्यांनी बघा. ज्यांच्या मोहल्ल्यात गवत नाही, त्यांच्याकडे दुसरं काहीतरी असेल: बंद पडलेली बाग, कचऱ्याचा कोपरा, शाळेपुढची मोकळी जागा. माझं सांगणं तिन्हीला लागू आहे. सोसायटीचे उपविधी मागून घ्या आणि वाचा. तुम्ही सभासद असाल तर प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. जे बदलायचं ते एका पानावर लिहा. तक्रार व्हायच्या आधी सात दारं वाजवा. दोन फूट कुठले द्यायचे आणि आतलं काय राखायचं, ते घरातून निघण्यापूर्वी ठरवा. आणि जे लावाल त्याची निगा तीन वर्षं तरी ठेवा, कारण पहिल्या वर्षी ते झोपलेलंच असणार.

माझं एवढंच. आता तुम्ही विचारा.